टेम्पो थांबवणाऱ्या अक्का

फोन आला तेव्हा मी बेंगळूरच्या शिवाजीनगरात चष्म्याच्या दुकानात बसले होते. नवा चष्मा नुकता नाकावर चढवला होता आणि दुकानदार समोर आरसा धरून "सरी आहे ना अम्मा, ठीक बसला ना? स्वल्प घट्ट करू का?" असं विचारत होता. फोन नंजम्माचा. शहराबाहेर आनेकलला आम्ही राहतो, तिथं शेजारी तिचा तुतीचा मळा आहे. ती कधी फोन करत नाही, कुंपणावरूनच हाक मारते, म्हणून मी लगेच उचलला. मागं घोड्याचं खिंकाळणं ऐकू येत होतं. "इंदक्का, बेगा बन्नी," म्हणाली, लवकर या. "घोड्याच्या बादलीची वेळ टळून गेली, तो ओरडतोय म्हणून मी आत डोकावले… अक्का शेगडीपुढं पडल्यात." पडल्यात म्हणजे काय ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आनेकलच्या बसमध्ये खिडकीशी बसले. नव्या चष्म्यातून दुकानांच्या पाट्या, झाडांची पानं, पुढच्या बाईच्या गजऱ्यातली एकेक कळी, सगळं लख्ख दिसत होतं. इतकं स्पष्ट बघायची त्या दिवशी काही गरज नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नाव सरस्वती, पण सासरी आल्यापासून सगळ्या गल्लीची अक्काच. आमच्या घरचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. शिवाजीनगरात बाजाराच्या मागच्या गल्लीत पुढं घर, मागं तबेला, आणि मधल्या पडवीत आम्ही दोघी जावा मखमलीवर जर आणि आरसे टाकत बसलेल्या. थोरले भाऊजी आणि आमचे हे घोडे घेऊन लग्नांना जायचे, आम्ही घोड्यांचे कपडे शिवायचो. आमच्या लग्नातल्या शालूंना लागली नसेल एवढी जर एकेका झुलीला लागायची. मी बोलत बसायची आणि अक्का ऐकत बसायच्या. मध्येच "हं, मग?" म्हणाल्या की समजायचं, ऐकत नव्हत्या, टाक्यात गुंतल्या होत्या. घोड्यांच्या अंगाला मात्र आम्ही दोघी हात लावत नसू, ते पुरुषांचं काम. मी तर आजही घोड्याच्या मागून जात नाही, लांबचा वळसा घालते.

त्या धंद्याचा एक नियम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वरातीचा घोडा म्हणजे शुभाचं जनावर, त्यानं प्रेत बघायचं नाही. आमच्या बेंगळूरात अंत्ययात्रा निघते ती तमट्यांच्या, म्हणजे हलग्यांच्या तालावर, नाचत, फुलं उधळत, भर रस्त्यातून. घोडा लग्नाला निघालाय आणि समोरून तशी यात्रा आली, की आमचे हे पटकन त्याचं तोंड भिंतीकडं वळवायचे आणि डोळ्यांवर झापडं बांधायचे. ती झापडंही आमच्याच हातची. बाहेरून लाल मखमल, आतून चामडं, वर आरशांचा मोर. घोड्यानं प्रेत पाहिलं असं नवरदेवाकडच्यांच्या कानावर गेलं, तर ते घोडा दारातून परत पाठवायचे. त्यामुळं हा नियम आमच्या घरात मीठ-पाण्यासारखा होता, कुणी कुणाला शिकवायला लागला नाही.

मग धंदा ओसरला. नवरदेव मोटारीतून यायला लागले. थोरले भाऊजी गेले, त्यांच्यामागं लवकरच आमचे हे गेले. तबेल्यात दोन म्हातारे पांढरे घोडे राहिले. एक सुलतान, हे त्याचं लग्नपत्रिकेच्या थाटाचं नाव, घरात तो पांडू. दुसरी घोडी चांदणी. त्यांना विकत घेणारे जे आले, त्यांचे चेहरे बघून अक्कांनी दार लावून घेतलं. थोरल्या भाऊजींनी आनेकलकडं एक जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता, त्यावर दोन खोल्या होत्या. अक्का म्हणाल्या, "मी ह्या दोघांना घेऊन तिकडं जाते." त्यांचा मुलगा वसंत, पीण्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं लेथचं वर्कशॉप आहे, तो डोक्याला हात लावून बसला. "आई, तुला घोड्याचं काय कळतं? तू त्यांना टिकल्या लावायचीस फक्त!" "टिकल्या लावता लावता तुला वाढवलं की," अक्का म्हणाल्या. मला कुणी विचारलंच नाही. माझी ट्रंक आपोआप टेम्पोत चढली.

तिथं घोडे सुखात होते, आम्ही शिकत होतो. म्हणजे अक्का शिकत होत्या. खरारा कसा करायचा, हुलगे किती शिजवायचे, खुरात खडा अडकला तर पाय कसा उचलायला लावायचा. मी कुंपणाबाहेरून सूचना करायची. पांडू आणि चांदणी दिवसभर एकमेकांच्या उलट तोंडं करून अंगाला अंग लावून उभे असायचे, ह्याची शेपटी तिच्या तोंडावरच्या माश्या वारायची, तिची ह्याच्या. अक्का बघत राहायच्या. "इंदू, आपल्या नवऱ्यांनी कधी अशा माश्या वारल्या का गं?" एवढा लांब विनोद त्या वर्षातून एखादा करायच्या.

चांदणीचं पोट फुगलं आणि ती गेली. सकाळी आडवी पडली, डॉक्टरीणबाई आल्या, नळी घातली, इंजेक्शनं दिली, दुपारपर्यंत सगळं संपलं. ती शेवटचे पाय झाडत होती तेव्हाच अक्का आत गेल्या, पेटीतून ती मोराची झापडं काढून आणली, पांडूच्या डोळ्यांवर बांधली आणि त्याला नंजम्माच्या मळ्याच्या पार टोकाला नेऊन उभं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपणहून गेले त्यांचे. मग जेसीबी आला, कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा झाला, चांदणी मातीत गेली, वरून माती सारखी झाली. संध्याकाळी झापडं सोडून पांडूला परत आणलं. तो तबेल्यात गेला, बाहेर आला, चारी बाजूंनी फिरला आणि मान वर करून असा ओरडला की नंजम्माच्या घरातली ताटं वाजली.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी थकायला होतं. पांडू कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारायचा, घामानं भिजायचा, हुलग्याला तोंड लावायचा नाही. बरगड्या दिसायला लागल्या. आणि रस्त्यावर टेम्पोचा आवाज आला, की जिवाच्या आकांतानं फाटकाशी धावायचा. बसला नाही, मोटारीला नाही, ट्रॅक्टरला नाही. फक्त टेम्पोला. टेम्पो निघून गेला की तो दिसेनासा होईपर्यंत ओरडायचा. आम्ही काय काय केलं म्हणून सांगू. कपाटाचा आरसा काढून तबेल्यात टांगला, दुसरा घोडा आहे असं वाटेल म्हणून. त्यानं एकदा आरशात पाहिलं आणि मग आरशाच्या मागं जाऊन पाहिलं. नंजम्माची शेळी सोबतीला आणून बांधली. तिनं त्याचे हुलगे खाल्ले आणि लठ्ठ झाली. चांदणीची जुनी झूल त्याच्यापुढं टाकली, तर वास घेऊन तो आणखीच पिसाळला. ती झूल मीच पळत जाऊन उचलली, माझ्या आयुष्यात घोड्याच्या इतकं जवळ मी कधी गेले नव्हते.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. तरुण मुलगी, शांत बोलायची. तिनं पांडूला तपासलं, दात बघितले, म्हणाली, "आजार काही नाही, अम्मा. पण असाच राहिला तर फार टिकणार नाही. ती गेली तेव्हा हा कुठं होता? त्यानं तिला बघितलं का?" मीच सांगितलं सगळं, नियम, झापडं, तमटे… ती हसली नाही, रागावलीही नाही. "जमतं तिथं आम्ही दाखवतो," एवढंच म्हणाली. "वास घेतात, उभे राहतात, मग आपणहून बाजूला होतात. सगळेच होतात असं नाही. पण शोधणं जरा कमी होतं."

डॉक्टरीणबाई गेल्यावर अक्का पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "इंदू, त्याला वाटतंय ती लग्नाला गेलीय." मला काही कळेना. "अगं, आजपर्यंत दोघांतलं एक दिसेनासं झालं की ते टेम्पोत चढून लग्नाला गेलेलं असायचं. आणि टेम्पोतूनच परत यायचं. मी त्याचे डोळे बांधले, सोडले तर ती नाही. मग तो टेम्पोच बघणार ना?" हे म्हणून त्या उठल्या, आत जाऊन कात्री घेतली आणि लगामाची ती दोन्ही झापडं कापून टाकली. मी ओरडले, अहो अक्का, किती दिवस मान मोडून केलेले मोर आहेत ते! तर त्या दोन झापडांनी गॅसवरचं चहाचं पातेलं धरून उतरवलं त्यांनी, आणि म्हणाल्या, "बघ, आतून चामडं आहे, हात भाजत नाही." तेव्हापासून आमच्या घरात पातेली मोरांनीच उतरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का पांडूला दोर लावून फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. विटांचा टेम्पो येत होता. त्यानं करकचून ब्रेक दाबला. "सायबेका अक्का?" मरायचंय का म्हणून ड्रायव्हर खेकसला. अक्का म्हणाल्या, "मरायचं नाही, बघायचंय. मागचा फाळका पाड."

"विटा आहेत! काय बघायचंय तुम्हाला?"

"मला नाही रे अप्पा. ह्याला."

त्या माणसानं घोड्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, फाटकाशी पदर तोंडावर धरून उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. वेड्यांशी वाद नको म्हणून असेल, उतरून त्यानं फाळका पाडला. पांडूनं मान आत घातली, विटा हुंगल्या, इकडून तिकडं पाहिलं. अक्का त्याच्या मानेवर हात ठेवून कानाशी म्हणाल्या, "नाही ना? बघ नीट. नाही ती." मग तो मागं सरला. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आयिता?" म्हणजे झालं का. अक्का म्हणाल्या, "आयितु, होगप्पा." झालं, जा बाबा.

मी त्यांना घरात आल्यावर फाडून खाल्लं. म्हटलं, "अक्का, लोक वेड लागलं म्हणतील. वसंताच्या कानावर गेलं तर तो आजच न्यायला येईल." "येऊ दे. तू चहा टाक," म्हणाल्या. आणि त्या रोज जायला लागल्या. विटांचा, पाइपांचा, लग्नाच्या खुर्च्यांचा, कोंबड्यांचा, जो येईल तो टेम्पो. काही थांबत, काही शिव्या देऊन वळसा घालून जात. ऊन असो, गुडघे सुजलेले असोत, अक्का रस्त्यावर. उरलेला दिवस पांडूजवळ खुर्ची टाकून बसायच्या, अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत, नाही तर नुसत्याच. मी म्हणायची, अहो जरा आडव्या व्हा. तर म्हणायच्या, "तो उभा आहे ना." थकलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवसांत बघितलं. बोलणं आधीच कमी, ते "हं, मग?" सुद्धा बंद झालं.

मंजण्णा म्हणून एक भाजीचा टेम्पोवाला होता, आहे. तो पहिल्यांदा हसला, पण पुढच्या वेळी लांबूनच हॉर्न देऊन आपणहून थांबला, आपणहून उतरून फाळका पाडला. एकदा त्याच्या टेम्पोत गाजरं होती. पांडूनं मान आत घातली, हुंगलं, आणि कचकन एक गाजर उचललं. अक्का अशा स्तब्ध झाल्या, जणू देवानं उजवा कौल दिला. चांदणी गेल्यापासून त्यानं स्वतःहून खाल्लेलं ते पहिलं. मंजण्णानं अख्खी जुडी काढून ठेवली. पुढं रोज एक गाजर त्याच्यासाठी फाळक्याशीच ठेवलेलं असायचं. मंजण्णा चेष्टा करायचा, "अक्का, खरं सांगा, हा आता घोडीला बघायला येतो की गाजराला?" अक्का म्हणायच्या, "मला काय माहीत? येतो ना. आणि बघून परत येतो ना." त्याला काय कळलं, कधी कळलं, हे कोण सांगणार. धावणं कमी झालं. मग चालत जायला लागला. मग मान वर करून नुसतं बघायला लागला. शेळीला लाथ मारायचं थांबवून तिला जवळ उभी राहू द्यायला लागला.

एक दिवस मंजण्णानं हॉर्न दिला, फाळका पाडला. अक्का दोर घेऊन उभ्या. पांडूनं गवतातून मान वर केली नाही. मंजण्णा थांबला, अक्का थांबल्या. मग अक्कांनी ते गाजर स्वतःच उचललं, पदराला पुसलं आणि खात खात घरात आल्या. "इंदू, एक काम संपलं बाई," म्हणाल्या आणि भर दुपारी झोपल्या. त्यांचं घोरणं मला अंगणात ऐकू येत होतं.

त्यानंतर पांडूची सोबत म्हणजे अक्का आणि शेळी. अक्का सकाळी बादली वाजवायच्या, तो उत्तर द्यायचा. त्या खुर्चीवर बसल्या की तो येऊन त्यांच्या डोक्यावर हनुवटी टेकायचा, अंबाडा सुटायचा, त्या म्हणायच्या, "मेल्या, सकाळीच घातलाय रे." माझ्या तीस-चाळीस वर्षांच्या बडबडीनं जे झालं नाही ते त्या घोड्यानं केलं. अक्का त्याच्याशी बोलायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायची, भाव काय झालाय, वसंताचा फोन आला नाही, गुडघा दुखतोय. मला कधी सांगितलं नाही त्यांनी गुडघ्याचं. छातीचं तर कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवशी बसमधून उतरून घरी पोचले तेव्हा नंजम्मानं अक्कांना पडवीत चटईवर ठेवलं होतं. हातात एक झापड तसंच होतं, मोराचं. चहा उतरवायला घेतलेलं. गॅस नंजम्मानं बंद केला म्हणाली. पांडू कुंपणाशी ओरडत होता, चांदणीच्या वेळी ओरडला तसाच. वसंत आला, शिवाजीनगरचे नातेवाईक आले. कुणीतरी म्हणालं, आधी त्या घोड्याला मागं नेऊन बांधा, डोळ्यांवर काही तरी टाका. वसंतही म्हणाला, "काकू, त्याला नंजम्माकडं नेतो. आपल्यात दाखवत नाहीत." मी घरात धाकटी. त्या घरात मी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, सूचना केल्या त्या कुंपणाबाहेरून. म्हटलं, "वसंता, त्यानं आता कुठल्या नवरदेवाला पाठीवर घ्यायचंय रे?" त्याचा हात दोरावरच होता. "दोर सोड आणि त्याला आत आण. नाही तर मी आणते." मी आणते म्हटल्यावर त्याला परिस्थिती किती गंभीर आहे ते कळलं असावं. त्यानं आणला.

पांडू पडवीशी आला आणि गप्प झाला. पायांपासून सुरुवात केली त्यानं. पाय, हात, मग तोंड. डोक्याशी बराच वेळ थांबला. हनुवटी टेकली, नेहमीसारखी. अंबाडा सुटला. बाया मागं सरल्या, कुणीतरी हुंदका दिला. मी अक्कांच्या शेजारीच बसले होते, घोड्याचं तोंड माझ्या खांद्याला लागत होतं, त्याचा गरम श्वास मानेवर येत होता, आणि मला भीती वाटली नाही. भीतीला जागाच नव्हती मनात. मग त्यानं एक लांब श्वास सोडला, वळला, शेळीजवळ गेला आणि गवताला तोंड लावलं. एक बाई म्हणाल्या, बघा, जनावर ते जनावर, लगेच चरायला लागला. ह्याच एका गोष्टीसाठी अक्का किती दिवस रस्त्यावर उभ्या होत्या, ते त्यांना कुठून सांगत बसणार? संध्याकाळी गाडी आली, अक्का गेल्या. ती फाटकातून बाहेर पडताना पांडूनं मान वर करून पाहिलं. धावला नाही.

आता काही आठवडे झाले. वसंत दर रविवारी येतो. "काकू, घोड्याला एका आश्रमात जागा मिळतेय, तुम्ही माझ्याकडं चला. इथं एकटीनं काय करणार?" चांगला मुलगा आहे, मनापासून म्हणतो. मी त्याला बघू म्हणते. पांडू खातो. मी लांबून बादली वाजवते, तो उत्तर देतो, मग मी बादली ठेवून मागं सरते, मग तो येतो. असं आमचं चाललंय. त्याला दुसरीकडं न्यायचं तर पुन्हा टेम्पोत चढवायचं… तेवढ्यावर माझं डोकं थांबतं. अंगात फार त्राण नाही. चहा मात्र दोन वेळा होतो, मोरांनी उतरवते. एका मोराचे आरसे निम्मे गळलेत.

परवा सकाळी अक्कांच्या खुर्चीवर शेंगा सोलत बसले होते. रस्त्यावर हॉर्न वाजला. मंजण्णा बरेच दिवस गावाला गेला होता, त्याला काही माहीत नव्हतं. फाटकाशी टेम्पो लावून, उतरून, सवयीनं त्यानं फाळका पाडला, गाजर काढून ठेवलं. "अक्का एल्ली?" कुठं आहेत म्हणून विचारलं. मी बसल्या जागेवरून हात वर केला, आकाशाकडं. त्याला कळलं. डोक्यावरचा टॉवेल काढून तो तसाच उभा राहिला. पांडूनं मान वर केली नाही, तो चरत होता. फाळका पडलेला, टेम्पोचं पोट उघडं. मी शेंगा खाली ठेवल्या, गुडघ्यावर हात देऊन उठले, फाटक उघडलं, रस्त्यावर गेले, आणि नव्या चष्म्यातून आत नीट बघितलं. टोमॅटो होते. कोथिंबीर होती, ओल्या गोणपाटाखाली. कोपऱ्यापर्यंत बघितलं.

मंजण्णा बाजूला उभा होता, घाई केली नाही त्यानं. मग हळूच म्हणाला, "आयिता, अक्का?"

"आयितु," म्हटलं. "होगप्पा."